उखर्डू आबांची चाल

हिलाल पेंटरच्या कामाची गती बघून मी रोज कपाळाला हात लावायचो. आधी तो जळगावात दुकानांच्या पाट्या रंगवायचा. पुढे रेडियमची अक्षरं आली, ब्रशला कोणी विचारेना, म्हणून अठ्ठ्याण्णव साली मी त्याला आमच्या केबलच्या ऑफिसात कॉम्प्युटरपुढे बसवलं. बाकीचे केबलवाले जाहिरातीला एक फोटो लावून मोकळे व्हायचे. हा बाबा मात्र केळीची जाहिरात करायला बसला की पान वेगळ्या लेअरवर, म्हणजे वेगळ्या थरावर, घड वेगळ्या, खांब आणखी तिसऱ्या. आणि दर फ्रेमला पान केसभर सरकवणार, का तर टीव्हीवर ते हललं पाहिजे. अरे, तोवर केळी पिकून काळी पडतील, असा मी ओरडायचो. तो मान डोलवायचा आणि पुढची फ्रेम उघडायचा.

अशात मागच्या गल्लीतले उखर्डू आबा हरवले. त्यांना विसर पडायचा आजार होता. सकाळी घराबाहेर पडले ते परतलेच नाहीत. मुलगा भिकन स्टुडिओतून आबांचा एक फोटो चौकटीत बसवून घेऊन आला, भिकनच्याच लग्नातला, खुर्चीवर ताठ बसलेला. खाली नाव-वर्णन टाकून आम्ही तो चॅनलवर सोडला आणि आसपासच्या गावांतल्या केबलवाल्यांनाही कॅसेटी पाठवल्या.

दुसऱ्या दिवशी आबांच्या घरी बायका रडत आल्या. जामनेरचे व्याही जीप करून आले. आमच्या चॅनलवर चौकटीतला स्थिर फोटो लागायचा तो श्रद्धांजलीचाच, खालचं वाचतंय कोण! आबांची बायको बेबाबाई त्या रडणाऱ्या बायकांना तिथंच सोडून तरातरा आमच्या ऑफिसात आल्या.

"मना माणूस जित्ता शे, भाऊ," त्या म्हणाल्या. "त्यास्ले चालतं करा."

हिलालनं खुर्ची वळवली आणि एवढंच विचारलं, की आबा चालतात कसे?

बेबाबाईंनी पदर खोचला, उजवा हात पाठीमागे घेतला आणि डावा पाय जरा ओढत त्या ऑफिसातून चालायला लागल्या. चार पावलं गेल्या, थांबल्या, मान वळवून मागे पाहिलं. मग पुन्हा चार पावलं. हे मागे बघणं कशाला, असं हिलालनं विचारलं, तर म्हणाल्या, बाजारात जाताना मी मागून येते का ते बघतात, लग्न झाल्यापासून. सांगताना त्या चक्क लाजल्या.

फोटोत आबा बसलेले, म्हणून पाय हिलालनं स्वतः चितारले. धड एका लेअरवर, पाय दोन, हात एक, आणि डोकं स्वतंत्र, कारण मान वळायला हवी. मी ठरवलं होतं त्या दिवशी ओरडायचं नाही. तरी दोनदा ओरडलोच. माझा जीव टांगणीला लागला होता, आणि हा धोतराच्या सोग्यावर अडून बसलेला!

दुसऱ्या दिवशी दुपारी आबा टीव्हीवर चालू लागले. धोतर हिसके मारत होतं, पोरं हसत होती. हसेनात का, त्यांना मेलेलं तर कोणी समजत नव्हतं! नव्या कॅसेटी लगेच सगळीकडे, या खेपेला रेल्वेलाइनवरच्या लांबच्या गावांनाही धाडल्या.

दोन दिवसांनी दोंडाईच्याहून स्टेशनावरच्या चहावाल्याचा, रुपचंदचा, फोन आला. एक म्हातारा प्लॅटफॉर्मवर फेऱ्या मारतोय, चहा देतो तेवढा पितो. चेहऱ्यावरून मी ओळखला नसता, म्हणाला, पण चाल हुबेहूब तीच आहे.

बेबाबाई, भिकन, हिलाल आणि मी, मिळेल त्या गाडीनं निघालो. दोंडाईचा बेबाबाईंचं माहेर. भाऊ वारले, घरही विकलं गेलं, आता तिथं कोणीच उरलं नव्हतं, म्हणून तिकडे शोधायचं कोणाच्या डोक्यातच आलं नाही.

आबा बाकड्यावर बसलेले दिसले आणि माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. रुपचंदनं सांगितलं, इथं कशाला आलात असं विचारलं की यांचं एकच उत्तर, "बायकोले लेवाले उनू," बायकोला न्यायला आलोय. ते ऐकून बेबाबाई पदरात तोंड लपवून हसल्याही आणि रडल्याही. माझेही डोळे भरून आले, लपवू कशाला.

परतीची गाडी लागली. आबा पुढे, आम्ही मागे. हिलाल माझ्या कानाशी पुटपुटला, मान डावीकडून वळते, मी उजवीकडून वळवली. मी त्याला गप्प केलं.

चार पावलांवर आबा थांबले आणि मागे वळून पाहिलं.

"चाला," बेबाबाई म्हणाल्या, "मी शे मांगे."

मग गाडीत चढेपर्यंत आबांनी एकदाही मागे पाहिलं नाही.