दोन मग पाणी

धायरीतल्या त्या पार्लरमध्ये केस धुणारी बाई कायम चिडलेली असायची. तिची नखं अगदी बारीक कापलेली. "नखांनी खरवडायला डोकं म्हणजे काय कढई आहे?" असं पुटपुटत ती बोटांच्या टोकांनी सावकाश चोळायची. शाम्पू फक्त मुळांशी. धुऊन झालं की कानांमागे बोट फिरवून बघायची, बुळबुळीत लागलं की पुन्हा पाणी.

मे महिन्यात नळ आटला, टँकर सुरू झाले. मालकिणीने फर्मान काढलं, एका डोक्याला दोन मग पाणी. माझे केस धुताना हिने तिसरा मग भरला तशी मालकीण सगळ्यांदेखत ओरडली. ही म्हणाली, "अहो, फेस डोक्यात ठेवूनच घरी पाठवायचं तर धुवायचं कशाला?" आणि चौथा ओतला.

पुढच्या शनिवारी ती नव्हती. काढून टाकली म्हणे. नवीन बाईने दोन मगांत उरकलं. घरी पोचेपर्यंत डोकं खाजायला लागलं.

मालकिणीचा राग येतोच. त्याहून जास्त माझा स्वतःचा येतो. त्या दिवशी मान मागे टाकून मी मूग गिळून गप्प पडून राहिले. आणि केस माझे होते.