उभं राहता येईना तेव्हा

देवाच्या घरात उभं कधी राहायचं, हे मला कुणी मुद्दाम शिकवलं नाही. वडिलांकडे बघून ते अंगात आलं. शुभवर्तमानाचं वाचन सुरू झालं की ते खोकलाही दाबून ताठ उभे राहत. पुढे मी नगरजवळच्या नागापूरच्या एमआयडीसीत एका वर्कशॉपमध्ये लेथवर आयुष्य काढलं, तेही उभ्यानंच. पाळी करून पाय भरून आलेले असले तरी रविवारी चर्चमध्ये उभं राहणं मला कधी जड गेलं नाही. म्हणूनच उतारवयात नेमकं ते उभं राहणंच माझ्याकडून काढून घेतलं गेलं, तेव्हा शरीरापेक्षा मनानं मी जास्त खचलो.

कंपवाताचं निदान होऊन काही वर्षं झाली होती. हाताच्या थरथरीशी मी जुळवून घेतलं होतं. कप अर्धाच भरायचा, शर्टाची वरची बटणं माझ्या पत्नीनं, शीलानं लावायची, असं आमचं ठरून गेलं होतं. पण मग हे नवीनच सुरू झालं. खुर्चीतून उठलं की मानेवर आणि खांद्यांवर पोतं ठेवल्यासारखं दुखायचं, डोळ्यांपुढे करडा पडदा यायचा आणि जवळच्या माणसांचे आवाज लांबून आल्यासारखे वाटायचे. बसलो की थोड्या वेळात सगळं जागेवर. सकाळी जास्त, जेवणानंतर जास्त. एकदा मोरीच्या दारात पडलो आणि कपाळ फुटलं. दवाखान्यात बीपी बघितलं तर चांगलं, उलट जरा वरच. "या आजारात तोल जातोच," असं सांगण्यात आलं. मुलगा काळजीनं म्हणाला, "पप्पा, आता घरीच प्रार्थना करत जा. चर्चला नाही गेलं तर देव काही रागावत नाही."

त्याचं बोलणं चुकीचं नव्हतं. पण माझ्या मनात काय चाललं होतं, ते मी त्याला सांगू शकलो नाही. दर रविवारी गीत सुरू झालं की मी उठायचो, आणि कुणी खांदे धरून दाबावं तसा पुन्हा बाकावर यायचो. ज्याच्यासमोर मी उभा राहतोय, त्यालाच मी उभा राहिलेला नको आहे, असं वाटायला लागलं. सुरुवातीला मी प्रार्थनेत तक्रार करायचो. नंतर तक्रारही करेनासा झालो. शब्द ओठांवर असायचे, आत काही हलायचं नाही. ते दिवस सगळ्यात वाईट होते.

अशातच मे महिन्यात संगमनेरला शीलाच्या भाचीचं लग्न निघालं. मुलगा नको म्हणत होता. शीला म्हणाली, "तुम्हाला ठेवून मी जायची नाही." मग गेलो. प्रवासाचा शीण, वर तापलेलं ऊन, त्यात पोचल्या पोचल्या पाहुण्यांनी आग्रह करकरून नाष्टा खाऊ घातला. चर्च गच्च भरलं होतं. शीला पुढे भाचीच्या आईजवळ बसली आणि मी मागच्या बाकावर कडेची जागा धरली.

एवढ्यात डोक्यावर पदर घेतलेली, पन्नाशीतली एक बाई बाकाजवळ येऊन घुटमळली.

"बाबा, हितं बसू का? मी कोपरगावकडची. नवरदेवाचं घर आमच्या शेजारीच हाय. पर चर्चात कधी आले न्हाई. कधी उठायचं, कधी बसायचं, काय ठावं न्हाई मला. तुमी कराल तसं करीन."

"बसा ताई," मी म्हणालो. मला हसू आलं, आणि खूप दिवसांनी आलं.

नवरी दारात आली. पेटी वाजायला लागली, सगळे उठले, मीही उठलो. समोरच्या माणसाचा पांढरा शर्ट करडा झाला, मग काळा झाला, एवढंच मला आठवतं.

डोळे उघडले तेव्हा मी खाली फरशीवर होतो आणि माझं डोकं त्या बाईच्या हातावर होतं. भोवती गर्दी झाली होती. कुणी म्हणत होतं उठवा, कुणी म्हणत होतं बाकावर बसवा, पाणी पाजा. ती मात्र ठाम होती. "कुनी उठवू नगा त्येंला! आडवंच राहू द्या. ती पिशवी द्या हिकडं, पायाखाली घालू." तिनं माझे पाय वर करून ठेवले. हळूहळू छताचा पंखा दिसायला लागला, मग शीलाचा घाबरलेला चेहरा दिसला.

लग्न पुढे सुरू झालं. आम्ही शेजारच्या खोलीत बसलो. ती ताईही आली. तिनं विचारलं, "बाबा, उभं राहिल्यावरच व्हतं ना? बसलं की जातं? मान आन खांदं दुखत्यात?"

मी मान हलवली. हे मला इतक्या दिवसांत कुणी विचारलं नव्हतं.

"आमच्या आप्पांचं असंच हुतं," ती म्हणाली. आप्पा म्हणजे तिचे वडील. "हात थरथरायचं त्येंचं. पडायचं, उठायचं. बीपी बघायचं ते बसवून. दर टायमाला बेस. शेवटी खुब्याचं हाड मोडलं. तवा एका डॉक्टरनं आधी झोपवून बीपी बघितलं, मग उभं करून बघितलं. उभं केलं की धाडकन खाली! पर लई उशीर झाल्ता. आप्पा मग उठलंच न्हाई."

शीलानं तिचा हात धरला. तिनं पदरानं डोळे टिपले. मग म्हणाली, "आप्पा पडलं तवा मी चुलीम्होरं भाकरी थापत हुते. चार पावलांवर. पर माझा हात पोचला न्हाई. आज मला कधी उठायचं ते कळंना, म्हनून मी तुमच्याकडंच बघत हुते. समदी नवरीकडं बघत हुती. तुमचं तोंड पांढरं पडलं आन मी धरलं."

ती रडत होती, पण तिच्या चेहऱ्यावर एक मोकळेपणा होता. चर्चमधल्या सगळ्यांना कधी उठायचं ते माहीत होतं. ज्या एकीला ते माहीत नव्हतं, तिला माझ्या शेजारी जागा मिळाली होती. याला योगायोग म्हणणाऱ्याशी मी वाद घालणार नाही.

नगरला परतल्यावर शीलानं डॉक्टरांना सरळ सांगितलं, "यांचं बीपी झोपवून बघा आणि मग उभं करून बघा." बघितलं, आणि तसंच निघालं. डॉक्टरांनी सगळ्या गोळ्या नव्यानं तपासल्या. कंपवाताच्या आधीपासून चालू असलेली बीपीची जुनी गोळी त्यांनी बंद केली. ज्याच्या त्याच्या औषधाचं ज्याच्या त्याच्या डॉक्टरांनीच ठरवायचं, हेही बजावलं. मला सांगितलं, उठण्याआधी पाणी प्या, पलंगाच्या काठावर बसून पाय हलवा, थोडं थोडं जेवा. रात्री झोपताना डोकं थोडं उंच राहावं म्हणून पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा ठेवल्या. त्यानंतर मी पडलो नाही. डोळ्यांपुढे अंधार कधी कधी अजून येतो, पण आता तो काय आहे हे मला कळतं, आणि मी लगेच बसतो.

फार वेळ एका जागी उभं राहायचं नाही, ही अट सगळ्यात अवघड होती. पहिल्या रविवारी सगळे उठले आणि मी बसून राहिलो, तेव्हा मान वर करवेना. माणसांच्या पाठींमधून वेदी दिसत नव्हती. शीलानं कोपरगावच्या त्या ताईंचा नंबर लग्नातच घेतला होता. संध्याकाळी तिनं त्यांना फोन लावला, तेव्हा मी हे बोलून गेलो. त्या म्हणाल्या, "बसूनच ऱ्हा, बाबा. पडल्यावर देवाला काय बरं वाटणार हाय का?"

पुढच्या महिन्यात प्रभुभोजनाचा रविवार आला. आमच्याकडे वेदीजवळच्या कठड्यापाशी जाऊन गुडघे टेकतात आणि पाळकांच्या हातून प्रभूच्या आठवणीची भाकर घेतात. गुडघ्यांवरून उठणं मला आता जमणारं नव्हतं. शीला रांगेतून पुढे गेली, मी बाकावर राहिलो. या वेळी आपल्याला मिळणार नाही, असं मी मनाशी धरून चाललो होतो, आणि नवल म्हणजे मन कडू झालं नव्हतं. प्रभू, मला येता येत नाही, एवढंच मी म्हणालो. माझ्या तोंडून कितीतरी दिवसांनी निघालेली ती खरी प्रार्थना होती.

रांग संपली. डोळे मिटले होते, म्हणून आधी फक्त पावलं ऐकू आली. पाळकसाहेब वेदीच्या पायऱ्या उतरून, बाकांमधल्या वाटेनं थेट माझ्यापर्यंत आले होते. हातात भाकर होती. माझी बोटं थरथरत होती, म्हणून त्यांनी वाकून ती माझ्या ओठांना लावली.

आयुष्यभर मी उठून देवाकडे जात आलो. तो बसल्या जागी येतो, हे मला त्या दिवशी कळलं. त्याचे उपकार मी बसूनच मानले.