शेजारच्या मॅनेजरचा श्वास

आयर्लंडमधल्या ड्रोहेडा गावात आमच्या शेजारी एक जर्मन गृहस्थ एकटेच राहायचे. उमेदीच्या काळात ते त्यांच्या देशात फुटबॉलच्या दुसऱ्या फळीच्या लीगमध्ये बचावपटू होते. उतरत्या वयात आयर्लंडला खेळायला आले आणि इथेच गुडघा गेला. मग कित्येक वर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली प्रशिक्षक. २०२०च्या शेवटी एका छोट्या क्लबने त्यांना पहिल्यांदा मॅनेजर, म्हणजे मुख्य प्रशिक्षक केलं. कुंपणापलीकडून मला ते सांगताना पन्नाशीतला हा माणूस चक्क लाजला होता.

जानेवारीत त्यांचा खोकला भिंतीतून ऐकू यायला लागला. मी इथल्या हॉस्पिटलात डॉक्टर. आमचे वॉर्ड तेव्हा कोविडने भरलेले होते, त्यामुळे तो खोकला कसला ते कळायला वेळ लागला नाही. ऑक्सिमीटर त्यांच्या दारात ठेवून मी लांब उभी राहिले. आकडा नव्वदच्या खाली.

"आत्ताच्या आत्ता ॲडमिट व्हायचं," मी म्हणाले.

"मी ग्रँड आहे, डॉक्टर, अगदी ठणठणीत. सराव सुरू होतोय. मी गेलो नाही तर ते दुसरा माणूस आणतील."

"आणि तुम्हीच राहिला नाहीत तर?"

ते हसायला गेले, पण दम पुरला नाही. मी ॲम्ब्युलन्स बोलावली.

ते माझ्याच वॉर्डात आले. मास्क जरा बाजूला करून फोनवर सहायकाला खेळाडूंची नावं सांगायचे. दोन नावांच्या मध्ये धाप लागायची. एका दुपारी फोन उशाशी वाजत राहिला, त्यांनी उचललाच नाही.

त्या संध्याकाळी माझ्यापुढचा भात तसाच राहिला. नवरा म्हणाला, "अगं, जेव. तू उपाशी राहून त्यांचा ऑक्सिजन वाढणार आहे का?" मी ताट झाकून ठेवलं. पेशंट तर रोजच जात होते. पण यांच्या बंद खिडकीसमोरूनच मला रोज घरी यावं लागायचं.

ते थोडक्यात वाचले. सहायकाने त्यांची जागा इमानाने राखली होती.

वसंतात सामने सुरू झाले, पण प्रेक्षकांना बंदी होती. पहिला सामना मी आणि नवऱ्याने घरी लॅपटॉपवर पाहिला. त्यांचा आवाज बसलेला. मैदानाकडेच्या खुर्चीतूनच हातवारे चालले होते. संघावर गोल झाला तसे ते उठून रेषेपर्यंत धावले, ओरडायला तोंड उघडलं आणि गुडघ्यांवर हात टेकून वाकले.

"अहो, बसा ना खाली!" मी स्क्रीनवर ओरडले.

कॅप्टनने धावत येऊन खुर्ची रेषेपाशी ओढली. ते बसले.

सामना ते हरले. किती गोलने, ते मला नवऱ्याला विचारावं लागलं. मी त्यांच्या छातीकडेच बघत होते.