खिडकीच्या गजावर दोनदा

तीन आठवड्यांपूर्वी सकाळी समोरच्या घरातल्या सुमाने आमची बेल वाजवली. "सर, आई गेली..." एवढंच म्हणाली आणि पुढच्या घरी सांगायला निघाली. तिची आई, कमलाक्का, के. आर. पुरममधल्या आमच्या गल्लीत कित्येक वर्षं घरातून डबे द्यायच्या. पाटी नव्हती, परवाना नव्हता. पुण्या-नागपूरहून येऊन व्हाइटफील्डला नोकरी करणारी मुलं सकाळी रिकाम्या डब्याने स्वयंपाकघराच्या खिडकीच्या गजावर दोनदा टकटक करायची आणि भरलेला डबा घेऊन जायची. मीही तसंच करायचो. बेल वाजली, तर मात्र अक्का गॅस बारीक करून सुमाला गप्प राहायची खूण करत. बेल म्हणजे परका माणूस.

मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवत असे. जिथे उघडपणे धंदा करणं सोपं असतं, तिथे लपून चालणारे व्यवहार कमी होतात, हा माझा आवडता विषय. परवाना आता फोनवर दहा मिनिटांत निघतो, असं मी अक्कांना समजावलं, तेव्हा चपाती उलटत त्या म्हणाल्या, "आत जायला दहा मिनिटं, सरी, ठीक. बाहेर यायला किती, ते लिहिलंय का त्यात?" पुढे एका छोट्या मासिकात माझा लेख आला. त्यात अक्कांचं नाव नव्हतं, गल्लीचंही नव्हतं. पण खिडकीवरची टकटक मोह न आवरल्याने लिहिली होती.

काही महिन्यांनी तपासणीला एक अधिकारी आला. त्याने बेल वाजवली नाही... गजावर दोनदा टकटक केली, आणि अक्कांनी खिडकी उघडली. महिनाभर डबे बंद राहिले. पुन्हा सुरू झाले, तेव्हा दर शनिवारी एक डबा त्या माणसाकडे फुकट जाऊ लागला. "आता तरी परवाना काढा," मी म्हणालो. "तोच नको म्हणतोय, मास्तर. काढला तर त्याला डबा कोण देणार?" मग हात पुसत त्यांनी विचारलं, "त्याला टकटक कुणी सांगितली असेल?" मी म्हणालो, "एवढी मुलं येतात, अक्का. कुणीही..." लेखाचं बोललो नाही. त्या पुन्हा तव्याकडे वळल्या. "सरी. तुम्ही यापुढे बेल वाजवत जा."

त्यानंतर मी बेलच वाजवली. दार साखळी न काढता उघडायचं. सतत फोनवर बोलणारा नागपूरचा मुलगा, कोपऱ्यावरचा हॉटेलवाला, सगळ्यांवर संशय घेऊन पाहिला. एकही टिकला नाही. माझ्यावरचाही पुरा ठरला नाही, पण गेलाही नाही.

परवा सुमाला भेटायला गेलो. दारावर पाटी आहे, शेजारी काचेत परवाना. शनिवारचा डबा तिने बंद केलाय. तेव्हा मी तिला लेखाचं सांगून टाकलं. तिला नवल वाटलं नाही. "आईला ठाऊक होतं, सर. चपात्या गुंडाळायला तुमच्याकडून रद्दी आणायचो, त्यात ते मासिक होतं. तो साहेब येऊन गेल्यावर मीच तिला वाचून दाखवलं."

"मग मला विचारलं कशाला?"

"तुम्ही सांगताय का बघायला. बेल वाजली की म्हणायची, 'मास्तर आले. आज पण नाही सांगणार.'"

निघताना खिडकीपाशी थांबलो. वर्षानुवर्षं डबे आपटून गजाचा रंग एका जागी पार उडाला आहे. तिथे नुसतं बोट ठेवलं... आवाज होणार नाही इतकं हलकेच.