कोऱ्या पुस्तकाचा हट्ट

चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात राजस्थानात अणुस्फोट झाला आणि इकडे वाडीच्या ट्रान्सपोर्ट गोडाऊनमध्ये देवाजी गजभियेंची पंचाईत झाली. देवाजी तिथले बुकिंग क्लार्क. कॉलेजात सायन्सला जाऊन आलेला तेवढा एकच माणूस, म्हणून ड्रायव्हर, हमाल सगळे त्यांनाच विचारू लागले, "बाबूजी, अणू फुटते म्हंजे होते तरी काय?" देवाजींनी दिलं ठोकून काहीतरी. ऐकणाऱ्यांचं समाधान झालं, सांगणाऱ्याचं झालं नाही.

त्यांचं कॉलेज पहिल्याच वर्षी सुटलं होतं. एकदा भर वर्गात उठून "सर, समजलं नाही" म्हणाले, तर सर म्हणाले, "तुमच्यासारख्यांच्या डोक्यात हे शिरायचं नाही. बसा." तुमच्यासारख्यांच्या म्हणजे कोणाच्या, हे वर्गात सगळ्यांना कळलं. देवाजी बसले ते पुन्हा कधी विचारायला उठले नाहीत, आणि फिजिक्समध्ये नापास झाले. खरं तर नापास त्या सरांना करायला हवं होतं. पण ते बोलणं देवाजींच्या मनातून जाईना. आता चाळिशीत त्यांनी ठरवलं, मॉडर्न फिजिक्स आपलं आपण शिकायचं. जमलं तर सर खोटे. नाही जमलं, तर सर म्हणाले ते खरं मानून विषय कायमचा मिटवायचा.

त्यांचे वर्गमित्र मधुकरराव प्रोफेसर होऊन रामदासपेठेत राहत होते. त्यांनी आपुलकीनं एका जाडजूड इंग्रजी पुस्तकाचं नाव सांगितलं. देवाजींनी ते नवं कोरं आणलं, आणि इथंच गाडी घसरली. सक्करदऱ्याच्या विहारात पावसाळ्यातल्या वर्षावासाचे तीन महिने ग्रंथ वाचायचं काम दरवर्षी देवाजींचं. हातपाय धुऊन बसायचं, पहिल्या पानापासून एकही ओळ न गाळता वाचायचं, आणि ग्रंथावर रेघ ओढायचं तर नावच नको. फिजिक्सही त्यांनी तसंच वाचायला घेतलं. पांढऱ्या कापडात बांधून ठेवलं. प्रस्तावना वाचली, आभार वाचले, धड्याखालची गणितंसुद्धा मोठ्या भक्तिभावानं वाचून काढली. सोडवलं मात्र एकही नाही. दिवाळीच्या आधीच दुसऱ्या धड्यात रुतून बसले.

"पुस्तकच चुकलं," म्हणाले आणि दुसरं आणलं. तेही कोरं. तेही तिथंच रुतलं. मग मात्र देवाजींचा धीर खचला. जेवताना मध्येच म्हणायचे, "सर खरं बोलले होते वाटते."

तिसऱ्या खेपेला बायको, प्रेमिलाबाई, सोबत निघाल्या. रविवारी दुपारी सीताबर्डीला जुन्या पुस्तकांच्या दुकानात देवाजींनी निवडून निवडून पुन्हा एक स्वच्छ पुस्तकच उचललं. प्रेमिलाबाईंनी दुसरंच पुढे केलं. पानोपानी पेन्सिलीनं लिहिलेलं.

"हे घ्या जी."

"हे? कोण्या पोट्ट्यानं पुरा सत्यानाश करून ठेवला वं याचा!"

"तुमच्या हातातलं पुस्तक फळीवरच्या गंजावाणी, कोऱ्या पातेल्यावाणी आहे. चकचकीत, पण कोणी रांधलंच नाही त्याच्यात. याच्यात कोणीतरी रांधलं, करपवलं, घासून पुन्हा रांधलं." त्यांनी समासातलं मराठी वाचलं, "'येथे तीनदा अडलो. पुढचे उदाहरण आधी सोडवावे.' पाहा, सांगून राहिला ना माणूस!"

देवाजी ते वाक्य वाचत उभेच राहिले. ज्या धड्यात आपण अडलो, तिथंच आणखी कोणी अडलं होतं, आणि त्यानं ते लिहूनही ठेवलं होतं. पुस्तक घरी आलं.

त्या अनोळखी माणसाचं बोट धरून देवाजी चालू लागले. गणितं सोडवू लागले. पुस्तकावर नाही, गोडाऊनमधल्या रद्दी पावत्यांच्या पाठीवर. तांबडा उजेड कितीही भगभगीत असला तरी धातूतून इलेक्ट्रॉन सुटत नाही, आणि जांभळा मंद असला तरी सुटतो, हे ज्या दिवशी उमगलं त्या दिवशी त्यांनी हमालांना चहा पाजला. कारण कोणालाच कळलं नाही.

आणि पुस्तकाच्या मध्यावर तो माणूस अचानक थांबला. पुढचे समास कोरे. त्यानं तिथंच सोडलं असावं. देवाजींना फार एकटं वाटलं. इलेक्ट्रॉन कण आहे तशी लाटही आहे, असं पुस्तक म्हणत होतं. त्यांनी ते पान चारदा वाचलं, मग मागचं उदाहरण सोडवून पुन्हा वाचलं. तरी कळेना. पुस्तक मिटायला हात गेलाही.

मग त्यांनी पेन्सिल घेतली, आणि जन्मात पहिल्यांदा छापील पानावर लिहिलं, 'येथे मला समजले नाही. देवाजी.' या वेळी 'बसा' म्हणणारं कोणी नव्हतं.

पलीकडे तांदूळ निवडत बसलेल्या प्रेमिलाबाई त्यांच्याकडे पाहत होत्या.

"काय लिवलं जी?"

"समजलं नाही, म्हून लिवलं."

"मंग एवढे हसून काहून राहिले?"