सहा मशीनं आणि एकच रणगाडा

मुनिरकाच्या त्या गल्लीत संपतराव काकडे यांच्या दुकानावर ‘जय जवान टीव्ही गेम्स’ अशी पाटी होती, पण ती वाचायची तसदी कुणी घेत नसे. पोरं म्हणायची, ‘फौजी के यहाँ’. मी दुकानाच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहायचो. बार्शीहून अर्थशास्त्रात एम.ए. करायला दिल्लीत आलेला माणूस म्हणून संपतराव मला ‘प्रोफेसर’ म्हणत. त्यात आदर किती आणि टोमणा किती, हे मला दोन वर्षांत कळलं नाही.

संपतराव खटाव तालुक्यातले. चोवीस वर्षं फौजेत काढली, त्यातली अठरा क्वार्टरमास्टरच्या स्टोअरमध्ये. शत्रू त्यांनी फारसा पाहिला नव्हता, कांबळी मात्र लाखभर मोजली होती. शेवटचं पोस्टिंग दिल्ली छावणीत होतं, तिथूनच हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि इथेच राहिले. नोकरी का धरली नाहीत असं विचारलं, की उत्तर ठरलेलं असे.

“रिटायर्ड फौजी म्हणजे वॉचमन, असं सगळ्या देशानं ठरवूनच टाकलंय. बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभं राहायचं आणि कुणीही शेठ गाडीतून उतरला की सलाम ठोकायचा. मी आयुष्यभराचे सलाम ठोकून मोकळा झालोय, प्रोफेसर. स्टॉक संपला.”

दर जानेवारीत ते पानिपतच्या रणभूमीवर, काला अंबला, जाऊन येत आणि मग आठवडाभर रसदीवर बोलत. तोफा होत्या, माणसं होती, रसद नव्हती, हे त्यांचं सगळ्या इतिहासाचं सार होतं. त्यामुळे दुकान काढायचं ठरल्यावर पालिका बाजारात मशीनं घ्यायला गेलो, तेव्हा त्यांनी काय केलं याचं मला आता आश्चर्य वाटत नाही. तेव्हा मात्र डोक्याला हात लावला होता.

टीव्हीला जोडायचं मशीन चौदाशेचं. पण त्यात घालायची गेमची कॅसेट एकेक साडेतीनशेची.

“म्हणजे रायफल स्वस्त आणि गोळ्या महाग,” संपतराव म्हणाले.

“बरोबर काका. मशीन स्वस्तात गळ्यात मारायचं आणि नंतर कॅसेटवर वसूल करायचं. हाच धंदा आहे.”

दुकानदारानं बत्तीस प्रकारच्या कॅसेट मांडल्या. संपतरावांनी रणगाड्यांच्या खेळाची एक उचलली, उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाले, “यही. छह नग.”

“अंकल, छहों एक ही? बच्चे बोर हो जाएँगे.”

“एक खराब झाली तर दुसरी लागली पाहिजे,” हे मला मराठीत. मग त्याला हिंदीत, “स्टोर में हर चीज़ एक पैटर्न की होती है.”

अशी सहा मशीनं, सहा जुने टीव्ही आणि सहाही टीव्हींवर एकच रणगाडा, असं ते दुकान सुरू झालं. अर्ध्या तासाला पाच रुपये. पहिलं वर्ष चांगलं गेलं, कारण पंचक्रोशीत दुसरं दुकानच नव्हतं. आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टर्समधली पोरं यायची. त्यांत अर्पिता नावाची एक बारा वर्षांची मराठी मुलगी होती. तिचे वडील मंत्रालयात सेक्शन ऑफिसर. ती संपतरावांशी मराठीत बोलायची, पण दर तिसरा शब्द हिंदी. तिची बोटं इतकी चपळ होती, की कौशल्याकाकू, म्हणजे संपतरावांची बायको, म्हणायच्या, “हिला लोकर विणायला बसवायला पाहिजे.”

मग दुसऱ्या वर्षीच्या जूनमध्ये राजवीर आला.

राजवीर गल्लीतलाच, आमच्या घरमालकाचा पुतण्या. त्याच्या आजोळची गुडगावकडची जमीन एका बिल्डरनं घेतली होती आणि आलेल्या पैशाचं काय करावं या काळजीत तो होता. त्यानं समोरच्याच गाळ्यात एसी बसवला आणि दोन जपानी मशीनं आणली. एकेक सतरा हजारांचं. कॅसेट नाही, सीडी घालायची, आणि सीडी मिळायची शंभराला. चाळीस खेळ. अर्ध्या तासाला पंचवीस रुपये.

“ह्याची रायफल महाग आणि गोळ्या जवळजवळ फुकट,” संपतराव म्हणाले. “पंचवीस रुपये कोण देणार? चालणार नाही.”

चाललं. पोरं समोर जाऊन काचेला नाकं लावून उभी राहू लागली. आमच्याकडे आठवडाभरात सहापैकी चार टीव्ही बंद.

मी पुस्तकातलं सांगितलं. “काका, भाव उतरवा. भाव उतरला की मागणी वाढते. हे सिद्ध झालंय.”

पाचाचे तीन केले. कुणी आलं नाही. तिनाचे दोन केले. आधी येत होती त्यांतली निम्मी गेली.

“बाजारातल्या भाजीचंच बघा... ” असं काहीतरी मी सुरू करत होतो, पण काकू ओट्यावरूनच बोलल्या, “भाजी एकदम उतरली की मीसुद्धा विचारते, बाबा रे, किडकी आहे का?”

अर्पितानं त्यात भर घातली. “काका, शाळेत सांगायला लाज वाटते यार. दो रुपयेवाला.”

“ऐका प्रोफेसर,” संपतराव म्हणाले. “हे तुमच्या पुस्तकात आहे का?”

पुस्तकात होतं, पण शेवटच्या प्रकरणात. तिथवर मी पोचलो नव्हतो.

त्यातच राजवीर एकदा स्वतः आला. अगदी अदबीनं. “फौजी साब, एक बात कहूँ, बुरा मत मानना. मेरे यहाँ से सीडी चोरी हो रही हैं. दरवाज़े पे कोई भरोसे का आदमी चाहिए. बाईस सौ महीना. वर्दी मैं सिलवा दूँगा.”

संपतरावांनी फडकं घेऊन टीव्ही पुसायला घेतला. राजवीर गेल्यावरही ते पुसतच होते. बोलल्या त्या काकू.

“बाविसशे पक्के. इथं सहा टीव्ही फुकट वीज खातात. मी दसऱ्यापर्यंत बघते. तोवर दुकान उभं राहिलं तर राहिलं, नाहीतर तुम्ही उभे राहा त्याच्या दारात.”

“सलाम ठोकू त्या पोराला?”

“हळू ठोका. पण ठोका.”

दसऱ्याला अडीच महिने होते. संपतराव रोज सकाळी सहाही मशीनं फडक्यानं पुसत आणि समोरच्या दाराकडे पाठ करून बसत.

ऑगस्टात उकाडा वाढला, तशी राजवीरकडची गर्दीही वाढली. मशीनं दोन आणि वाट बघणारी पंधरा. ती सगळी पैसे न देता एसीत बसतात हे लक्षात आल्यावर राजवीरनं त्यांना बाहेर काढलं. मग ती ऊन टाळायला आमच्याकडे येऊ लागली. नंबर लागेपर्यंत दोन रुपयांत रणगाडा.

“म्हणजे मी काय वेटिंग रूम काढलीय?” संपतराव म्हणाले. त्यांना ते भयंकर लागलं होतं.

एका दुपारी दोन मुलगे शेजारशेजारच्या मशीनांवर बसून भांडत होते. मी चौदाव्या फेरीत, मी सोळाव्या. अर्पितानं दोघांना गप्प केलं आणि तिसऱ्या मशीनवर बसून अठरावी पार केली. मग राजवीरकडे तिचा नंबर आला म्हणून हाक आली, तर ती उठेचना.

“जा की. तिकडं चाळीस खेळ आहेत,” संपतराव कुजकेपणानं म्हणाले.

“काका, तिकडे मी कार चालवते, कुणी फुटबॉल खेळतो. कोण अच्छा आहे ते कळतच नाही. इथे सगळ्यांचं सेम आहे ना.”

संपतराव उठून आत गेले आणि ट्रंकेतून शिट्टी घेऊन आले.

रविवारी सकाळी दहा वाजता पहिली ‘परेड’ झाली. सहा जण, सहा मशीनं, शिट्टी वाजली की एकदम सुरू. शेवटपर्यंत ज्याचा रणगाडा टिकेल तो जिंकला. प्रवेश दहा रुपये.

“काका, दोनाचे एकदम दहा? पुस्तकाच्या हिशेबानं हे उलटं आहे.”

“पुस्तक ठेवा वर, प्रोफेसर. दोन रुपयांत खेळ होता. ही परीक्षा आहे. परीक्षेची फी जास्त असते.”

बक्षीस म्हणून त्यांनी काहीच दिलं नाही, कारण द्यायला काही नव्हतंच. त्याऐवजी फळा टांगला आणि त्यावर रँक लिहायला सुरुवात केली. सगळे शिपाई. तीनदा जिंकला की लान्स नाईक, मग नाईक. वाईट खेळला की खाली. हवालदाराच्या वर कुणालाच जाता येणार नव्हतं. का, ते कुणी विचारलं नाही.

पोरं वेडी झाली. पंचवीस रुपयांत राजवीरकडे अर्धा तास मिळायचा, रँक मिळत नव्हती. तिसऱ्या रविवारी रांग कोपऱ्यावरच्या न्हाव्यापर्यंत गेली. अर्पिता नाईक झाली, तेव्हा तिचे वडील दुकानात येऊन म्हणाले, “अकरा वर्षं माझी फाइल एका टेबलावर पडून आहे, आणि हिला महिन्यात दोन प्रमोशन दिलीत तुम्ही.” तक्रार करायला आले होते की भरती व्हायला, ते कळलं नाही. दहा रुपये मात्र देऊन गेले.

इकडे राजवीरचं दुसरंच चाललं होतं. पहिल्या धंद्याच्या जोरावर त्यानं आणखी दोन मशीनं आणली, पुन्हा सतरा हजारांना. आणि महिन्याभरात तेच मशीन बाजारात साडेअकराला आलं. लगेच बेर सरायमध्ये कुणीतरी चार घेऊन पंधरा रुपयांत दुकान काढलं. राजवीर पंधरावर आला. बेर सरायवाला बारावर गेला, तसा राजवीरही. एसीचं बिल मात्र जागचं हललं नाही.

दसरा नेमका रविवारी आला. सकाळी आम्ही मशीनांची पूजा केली. संपतरावांनी सहाही जॉयस्टिक ओळीत मांडून त्यांना हळदकुंकू वाहिलं. शस्त्रपूजाच ती. तेवढ्यात राजवीर आला आणि चप्पल काढून उंबऱ्याशी उभा राहिला.

“फौजी साब, वर्दी की बात छोड़ो. आप मेरे यहाँ परेड कराओ. तीन हज़ार.”

काकू ओट्याशी होत्या. त्यांनी हातातलं तबक खाली ठेवलं. मला वाटलं, तीन हजारांवर त्या हो म्हणणार. संपतरावांनाही तसंच वाटलं असावं, कारण त्यांनी घाईघाईनं विचारलं, “खड़ा रहना है या बैठना है?”

“बैठना जी. कुर्सी दूँगा. घूमनेवाली.”

फिरती खुर्ची ही फौजेत कर्नलला मिळते.

“खेल कितने हैं तेरे पास अब?” संपतरावांनी विचारलं.

“साठ.”

“साठ गेम में परेड कैसे होगी, बेटा? हर जवान अलग लड़ाई लड़ेगा.”

राजवीरला ते पटलं असावं. संपतरावांनी काकूंकडे पाहिलं. चोवीस वर्षांत त्यांनी कुठल्या साहेबाकडे इतकं जपून पाहिलं नसेल.

“माझ्याकडं काय बघताय?” काकू म्हणाल्या. “दहा वाजत आले. बाहेर पोरं उभी आहेत. आणि समोर बारा चाललेत, तर आपण दहाच का घेतो?”

“सणाच्या दिवशी भाव वाढवू?”

“सण आहे म्हणूनच गर्दी आहे.”

त्या दिवशी बारा घेतले. सहावं मशीन रिकामं होतं, कारण अर्पिताचे वडील ऐनवेळी घाबरून परतले होते. राजवीरनं खिशातून बारा रुपये काढले आणि त्या स्टुलावर बसला.

“नया है,” संपतराव अर्पिताला म्हणाले. “पहिल्या मिनिटात मेला तरी हसू नकोस.”

मग त्यांनी शिट्टी वाजवली.