मणीचं गाव

आक्का गेली त्याला आता महिना होऊन गेला. त्या सकाळी काळेवाडीच्या माझ्या घरात चहा घेत होतो, तेव्हा भाच्याचा फोन आला. “मामा, आई गेली,” एवढंच सुभाष म्हणाला. कुरुळीला पोचलो तर तिच्या चाळीतली पोरं, कुणी बीडची, कुणी लातूरची, शिफ्ट सोडून ओट्यावर बसलेली. घरमालकिणीसाठी भाडेकरू रडताना मी पहिल्यांदाच पाहिले.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण शेवंता. चौथीनंतर तिची शाळा सुटली, पण वाचायची भूक गेली नाही. भावजी वारल्यानंतर मी तिला वाचनालयातून कादंबऱ्या नेऊन द्यायचो. एकदा सर्कशीतल्या माणसांवरची एक नेली. मुखपृष्ठावर हत्ती होता, म्हटलं, हिला गंमत वाटेल. पुढच्या खेपेला गेलो तर पुस्तक अर्ध्यावर पालथं पडलेलं. मला समोर बसवून ती म्हणाली, “यात पोरगी झुल्यावरनं पडती, आन् पुढच्या पानावर दुसरी चढती. लिहिणाऱ्यानं बघितलंय रे हे.” मग तिनं विचारलं, “तुला मणी आठवती का?”

मणी... कितीतरी वर्षांत आमच्या घरात कुणी हे नाव काढलं नव्हतं.

ही पन्नासच्या दशकातली गोष्ट. भोसरी तेव्हा शेतकऱ्यांचं गाव होतं. पिंपरीकडं औषधांचा कारखाना उभा राहिला होता, तिथले कामगार खेळाला येतील या आशेनं उन्हाळ्याच्या तोंडाशी एक सर्कस आली आणि आमच्या वडिलांनी, दादांनी, नाशिक रस्त्यालगतचं पडीक रान तिला वापरायला दिलं. माझ्या लेखी सर्कस म्हणजे हत्तीच्या लिदीचा वास आणि सिंहाच्या आवाजानं दाव्याला हिसके देणारे आमचे बैल. आक्काच्या लेखी सर्कस म्हणजे मणी. झुल्यावर काम करणारी, आक्काच्याच वयाची, दक्षिणेकडची सावळी पोर. रोज सकाळी ती आमच्या विहिरीवर पाण्याला यायची. मोडक्या हिंदीत दोघींचं जमलं. आक्का तिला भाकरी-ठेचा द्यायची, डोळ्यांतून पाणी गाळत ती तो खायची आणि आक्काला हातांवर उभं राहायला शिकवायची.

एका सकाळी सराव करताना मणीचा हात सुटला. खाली जाळी बांधलेली नव्हती. दादांनीच बैलगाडीतून तिला पुण्याच्या दवाखान्यात नेलं. जीव वाचला, पण कमरेखालचं अंग कायमचं गेलं. त्या संध्याकाळी खेळ झालाच. आम्ही पोरं गेलो होतो, आक्काही होती. मणीचा टिकल्यांचा झगा घालून दुसरीच मुलगी झुल्यावर चढली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. आक्का उठून एकटीच घरी निघून गेली.

मणीला दवाखान्यातून आणेपर्यंत सर्कस आवराआवरीला लागली होती. मॅनेजरनं दादांना सांगितलं, तोवर हिला तुमच्याकडं राहू द्या, पुढच्या मुक्कामाला पोचलो की गाडी पाठवतो. गाडी आली नाही. कुठल्या मुलखाची, कुठल्या जातीची पोर घरात ठेवलीय, अशी गावात कुजबुज सुरू झाली. शेजारच्या बायका आईकडं येईनाशा झाल्या. दादा आईला एवढंच म्हणाले, “त्यांनी टाकलीच हाय. आता आपण बी टाकायची का?” पडवीत तिची बाज पडली. आक्का तिला कुशीवर वळवायची, धुवायची, भरवायची. पण पाठीला जखमा झाल्या, त्या चिघळल्या, ताप उतरेना. उन्हाळा सरायच्या आत मणी गेली. दादांनी आमच्याच रानाच्या कडेला तिला अग्नी दिला. आज तिथं कुठलंसं वर्कशॉप आहे.

एवढं मला ठाऊक होतं. जे ठाऊक नव्हतं, ते आक्कानं पुस्तक पालथं पडलेलं होतं त्या दुपारी सांगितलं. शेवटी शेवटी मणी एकच धोशा लावून होती, आईला कळवा. दादा तार करायला तयार होते, पण करायची कुठं? फार लहानपणी तिला सर्कशीत दिलेलं. गावाचं नाव तिला येत नव्हतं. घरापुढं फणस होता आणि मागं समुद्राचा आवाज यायचा, एवढंच ती सांगायची. आईला ती अम्मा म्हणायची, आईचं नाव काय ते तिला ठाऊकच नव्हतं.

“दादा म्हणले, फणसाच्या झाडाला तार कशी करू?” आक्का सांगत होती. “तिची आई वाट बघतच मेली असंल रे. का बघतच नसंल... ते बी कळलं न्हाई मला.”

पुस्तक पुरं करणार नाहीस का, मी विचारलं. तिनं ते माझ्या हातात दिलं. “त्यातली सर्कस पुढच्या गावाला गेली. मी कशाला जाऊ तिच्यासंगं?”

घरी येताना मला तिच्या एका सवयीचा उलगडा झाला. खोली मागायला आलेल्या प्रत्येकाला आक्का आधी गाव विचारायची, मग आईचं नाव. भाड्याचं बोलणं त्यानंतर. पोरं हसायची. सुभाष वैतागायचा, आधार कार्डावर सगळं असतं म्हणायचा. तिला ते त्यांच्या तोंडून ऐकायचं असायचं. कारखान्यातल्या प्रेस मशीनमध्ये बोटं गेलेल्या एका पोराच्या आईला नांदेडहून तिनंच बोलावून घेतलं होतं.

तेराव्यानंतर मी कुरुळीतच होतो. खांद्याला बॅग अडकवलेला एक तरुण खोली विचारत दारात आला. सुभाष किल्ली घेऊन बाहेर आला आणि ती हातात धरूनच थांबला.

“गाव कुठलं तुझं?”

तरुणानं सांगितलं.

“आन् आईचं नाव?”

तो जरा गोंधळला. मग म्हणाला, “कौसल्या.”

सुभाषनं ते नाव एकदा स्वतःशीच म्हणून पाहिलं आणि किल्ली त्याच्या हातावर ठेवली.